सुट्ट्या बंद केल्या की खटले संपतील?

मे महिना आला की एक मेसेज फिरू लागतो. यंदा तो वकिलांच्या ग्रुपवरही आला, म्हणून हे लिहितोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : न्यायाधीश वाढवून उपयोग नाही, सर्वोच्च न्यायालयात 8 चे 34 झाले तरी ढीग वाढलाच; खरा दोष सुट्ट्यांचा; आणि न्यायाधीश जितके वाढवाल, तितके खटलेही वाढतात.

आधी सुट्ट्या. उच्च न्यायालयांच्या सुट्ट्यांवर जरूर वाद घाला, मीही घालतो. पण तालुक्याच्या कोर्टात उन्हाळी सुट्टी साधारण चार आठवड्यांची, आणि त्यातही रिमांड-जामिनाचं काम थांबत नाही. उलट खालच्या न्यायालयांत मंजूर पदं सुमारे 25 हजार आणि रिकामी जवळपास 5 हजार. म्हणजे दर पाचातली एक खुर्ची वर्षभर सुट्टीवरच. त्या कोर्टाचा कार्यभार शेजारच्या कोर्टातल्या न्यायाधीशांकडे जातो. त्यांचं स्वतःचं बोर्ड, म्हणजे दिवसाच्या खटल्यांची यादी, आधीच भरलेलं, मग पक्षकाराच्या हाती पडते ती फक्त पुढची तारीख.

आता 8 चे 34. देशात प्रलंबित खटले 5 कोटींच्या वर, त्यातले सर्वोच्च न्यायालयात एक लाखही नाहीत. बहुतेक सगळे जिल्हा-तालुक्याला. तिथलं औषध, म्हणजे पुरेसे न्यायाधीश, कधी पुरतं दिलंच गेलं नाही. 1987 मध्ये विधी आयोगाने सांगितलं, दहा लाख लोकांमागे साडेदहा न्यायाधीश आहेत, ते 50 करा. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी पाच वर्षांची मुदत घातली. आज आकडा 21 च्या आसपास, तोही मंजूर पदांचा आणि 2011 च्या जनगणनेवर. रिकाम्या खुर्च्या वजा केल्या की आणखी खाली. निम्मा डोसही न देता औषध लागू पडत नाही म्हणायचं, ही कुठली वैद्यकी?

एक गोष्ट मात्र मान्य. नुसता न्यायाधीश नेमून भागत नाही. स्टेनो नसेल तर साक्ष रखडते, नोटिसा पोचवणारे बेलीफ कमी असतील तर नोटिसा पडून राहतात. 2019 च्या अखेरीस 2 कोटी 31 लाख फौजदारी खटल्यांपैकी 35 लाख चेक न वटल्याचे होते, आणि त्यातली मोठी अडचण समन्स बजावण्याची. आरोपीच हजर होत नसेल तर न्यायाधीश काय करणार? पण यावरून निघतं ते इतकंच की न्यायाधीशाबरोबर कर्मचारीही द्या.

राहिला ‘जास्त न्यायाधीश म्हणजे जास्त खटले’ हा मुद्दा. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं पीठ, कोल्हापुरात बसतंय, सहा जिल्ह्यांसाठी. मुंबईच्या खेपा परवडत नाहीत म्हणून सावंतवाडीचा कुणी आजवर अपिलाचा नाद सोडून देत असेल आणि आता तो कोल्हापूरला जाऊन अपील दाखल करणार असेल, तर या वाढलेल्या एका खटल्याचं दुःख नेमकं कुणाला आहे?