पाया एक्स्ट्रा म्हणजे काय?

"खोली १८०० रुपये फुटानं, पाया एक्स्ट्रा." या महिन्यात तीन ठेकेदारांच्या तोंडून हेच ऐकलं आणि आता डोकं फिरलंय. काहून एक्स्ट्रा? पायाशिवाय खोली उभी राहते का?

नागपूरला मानेवाड्याच्या आमच्या घरात आईची खोली वर आहे. तिचे गुडघे गेले. रोज जिन्यावर ती कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत चढते. म्हणून मागच्या अंगणात १० बाय १२ ची एक खोली काढायची ठरवली. १२० फूट, १८०० चा भाव, म्हणजे २ लाख १६ हजार. तेवढ्याची तजवीज केली. मग बयाणा द्यायच्या दिवशी कळलं, पायाचे ८० हजार वेगळे! म्हणजे फुटाला जवळजवळ २४७० पडले. मग १८०० चा आकडा कोणाला फसवायला सांगता?

राग पायाच्या खर्चाचा नाही, लपवाछपवीचा आहे. अर्ध्या नागपूरला ठाऊक आहे की आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरच्या थरावर बांधलेली भिंत मातीबरोबर वरखाली होणारच. म्हणून पक्क्या मुरुमापर्यंत खोदावं लागतं. आमच्याकडे तो सहा फुटांवर लागला. चार बाय चारचा एक खड्डा सहा फूट खोल म्हणजे ९६ घनफूट, जवळपास एक ब्रास माती. असे चार. त्यात पीसीसी म्हणजे तळाला साधं काँक्रीट, सळयांची जाळी, फुटिंग म्हणजे कॉलमखालचं रुंद काँक्रीट, कॉलम, वर प्लिंथ बीम म्हणजे जोत्याजवळ कॉलम एकमेकांना बांधणारी तुळई. खोली लहान म्हणून खड्डा लहान होत नाही. हीच खोली दुप्पट केली तरी कॉलम काही दुप्पट लागत नाहीत. म्हणून लहान खोलीला पाया फुटामागे इतका महाग पडतो. हे गणित पहिल्याच दिवशी सांगायला काय जातं?

वरून एक मिस्त्री मला शिकवतो, "दोन फूट खोदा, दगड भरा, जुन्या भिंतीला विटा जोडून घ्या, कोण पाहते?" आमच्या गल्लीत असंच जोडकाम केलेली एक खोली आहे. दोन पावसाळ्यांत जुन्या-नव्याच्या जोडावर वरपासून खालपर्यंत चीर गेली, दरवाजा लागेना. जुनं घर आपली जागा धरून बसलेलं असतं, नवं अजून बसायचं असतं. दोघांमध्ये सांधा मोकळा सोडावा लागतो, हेही मला एका इंजिनिअरला पैसे देऊन विचारावं लागलं. अशाच फुगणाऱ्या मातीसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अंडररीम पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेला, खाली फुगीर बुंधा असलेला काँक्रीटचा खांब, कधीचीच विकसित केली. मुरूम फार खाली असेल तर ती बरी पडते का, एवढंच विचारलं. ठेकेदारानं उत्तर द्यायच्या ऐवजी फोन काढला.

आणि घराचा दलाल! "एका खोलीनं भाव वाढत नाही, घेणारा जागेचे पैसे देते." अरे, विकायचं कोणाला आहे? माझी आई पुढची दहा वर्षं जिना न चढता जगणार आहे, त्याची किंमत तुझ्या रेडीरेकनरमध्ये, त्या सरकारी भावाच्या तक्त्यात, बसत नसेल तर तो तुझा प्रश्न. विकायला निघालो तरी चीर गेलेल्या खोलीपायी भाव पाडून मागणारा पहिला तूच असशील.

आता ज्याला काम हवं त्यानं कागदावर लिहून द्यावं: खोदाई किती फूट, फुटिंग केवढं, लोहा किती किलो, सिमेंटच्या गोण्या किती, मुरूम किती ब्रास, सांधा कुठे. पाया धरून एकच रक्कम. जूनच्या पावसाआधी प्लिंथ वर यायला हवी. खड्ड्यांत पाणी साचलं की परत उपसा, परत गाळ काढा, आणि त्यालाही हे लोक एक्स्ट्राच लावतील.