चित्र कधी काढणार?

कोलाज, म्हणजे कागद-कापडाचे तुकडे चिकटवून केलेलं चित्र, करतोय म्हटलं की कोल्हापुरात पुढचा प्रश्न ठरलेला: "बरं, आणि चित्र कधी काढणार?" घरचे विचारतात, गल्लीतले काका विचारतात, शाहू स्मारकच्या कलादालनात प्रदर्शन बघायला आलेली माणसंही विचारतात. चित्रकार आबालाल रहिमान यांच्या गावात हे व्हायचंच. हुबेहूब उतरवता आलं की तो कलाकार, आणि कागद चिकटवतो तो काढता येत नाही म्हणून चिकटवतो, असा सरळ हिशोब.

लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. आम्हा कलेच्या विद्यार्थ्यांना कोलाज शिकवतातच तसं. आधी पेन्सिलीनं निसर्गचित्र आखायचं, मग जुन्या मासिकांची पानं फाडून त्यात भरायची. आकाशाला जाहिरातीतला निळा, झाडाला मिळेल तो हिरवा. म्हणजे ट्यूबमधल्या रंगाचं काम कागदाकडून करून घ्यायचं, आणि कागद जितका ओळखू येणार नाही तितके मार्क जास्त. मग एवढी कटकट कशाला, पोस्टर कलर काय वाईट होता?

पिकासोनं १९१२ मध्ये कॅनव्हासवर ऑइलक्लॉथचा (मेणकापडाचा) तुकडा चिकटवला, त्यावर खुर्चीच्या वेताची वीण छापलेली होती. भोवती कडेनं खरा दोर लावला. ऑइलक्लॉथ लपवायचा त्यानं अजिबात प्रयत्न केला नाही. छापलेली वीण, रंगवलेल्या वस्तू आणि खराखुरा दोर, तिघं एकाच चित्रात एकमेकांना खोटं पाडत बसतात. सगळी गंमत त्या भांडणात आहे.

हे एकदा डोक्यात शिरलं की स्टेशनरीच्या दुकानातल्या चकचकीत क्राफ्ट पेपरच्या पाकिटांत जीव रमत नाही. मी सध्या चामड्यात अडकलोय. कोल्हापुरी चप्पल करताना उरलेली कात्रणं मागितली तर कारागीर देतात (वर "ह्येचं काय करतोस रं?" हे आलंच). पारंपरिक चपलेचं कातडं बाभळीची साल, हिरडा असल्या वनस्पतींनी कमावलेलं असतं, त्यामुळं ते उन्हात हळूहळू गडद होतं. त्याहून भारी म्हणजे लोखंड. गंजका खिळा व्हिनेगरमध्ये मुरवून ते पाणी कातड्यावर ब्रशनं लावलं की तपकिरी कातडं काळं पडतं, कारण त्यात साल-हिरड्यातून उतरलेलं टॅनिन आणि लोखंड यांची रासायनिक क्रिया होते. रंगाचा थेंब न वापरता काळा! आणि हा काळा वर बसलेला नसतो, आत उतरलेला असतो, त्यामुळं चामड्याचा दाणा तसाच दिसत राहतो. शेजारी तोच प्रयोग कोऱ्या कार्ट्रिज पेपरवर (चित्रकलेच्या जाड कागदावर) केला तर नुसता गंजाचा डाग मिळतो. साहित्य बदललं की उत्तर बदलतं, हे मला कुठल्याही थिअरीच्या तासापेक्षा या दोन तुकड्यांनी जास्त नीट सांगितलं.

चिकटवण्याबद्दल तर कुणी बोलतच नाही. फेविकॉल पाणी घालून पातळ केला की कागद ओला होऊन पसरतो, वाळताना आकसतो आणि खालचा अख्खा माउंटबोर्ड, म्हणजे जाड पुठ्ठा, पापडासारखा वाकतो. उपाय साधा आहे: बोर्डाच्या मागच्या बाजूलाही तसाच कागद तसाच चिकटवायचा, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी होते. मैद्याची खळ हळू वाळते, तोवर कागद सरकवता येतो, पण तिला कीड लागते. म्हणून जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे. ते विषारी असतं, हातानं कालवायला जाऊ नका. वर्तमानपत्र पिवळं पडतं ते त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या घटकामुळं. मला ते पिवळं पडणं आवडतं, त्यामुळं मी अर्धा तुकडा झाकून अर्धा खिडकीत ठेवतो.

फ्लेक्सवर मात्र मन बसत नाही. ते कागदासारखं फाटत नाही. पॅरिसमध्ये हेन्स आणि व्हिलग्ले या कलाकारांनी १९४९ पासून भिंतीवरची एकावर एक चिकटवलेली, फाटलेली पोस्टरं सोलून आणली आणि तीच चित्रं म्हणून मांडली. आपल्या चौकात आता कागदी पोस्टरांच्या जागी फ्लेक्स आले, सोलायला थरच उरला नाही, दोऱ्या सोडल्या की वाढदिवस संपला.

राहिला 'काढता येत नाही'चा मुद्दा. चित्रकार बिनोद बिहारी मुखर्जींनी शांतिनिकेतनात भिंतीच्या भिंती रंगवल्या होत्या. १९५०च्या दशकात त्यांची दृष्टी गेली, आणि त्यानंतर त्यांनी कागद कापून, चिकटवून चित्रं केली. त्यांना कुणी विचारावं, चित्र कधी काढणार म्हणून! आणि परंपरेचंच म्हणाल तर बाबूराव पेंटरांनी नाटकाचे पडदे रंगवले, शिल्पं केली, सिनेमासाठी कॅमेरासुद्धा इथंच बनवला. हातात येईल त्या वस्तूशी झटापट करायची ही सवय कोल्हापूरचीच आहे. आम्ही तिच्यातलं फक्त व्यक्तिचित्र उचललं.

मार्क देणाऱ्यांकडे माझी मागणी एवढीच आहे, की सबमिशनला फक्त पूर्ण झालेलं चित्र मागू नका. चाचण्यांचे तुकडेही मागा, कशावर काय लावलं आणि काय झालं ते मागच्या बाजूला लिहून. वार्षिक प्रदर्शनात त्यांनाही एक भिंत द्या.

आणि कुणाच्या माळ्यावर जुनी कॅलेंडरं, लग्नपत्रिका, दुकानाच्या चोपड्या पडल्या असतील तर रद्दीवाल्याला देण्याआधी मला मेसेज करा. रद्दीचा भाव देतो, येऊन घेऊन जातो. फ्लेक्स नको.