कॉमन डॅमेज म्हणे!

आज लेकीची हॉस्टेलची खोली रिकामी करायला गेलो होतो. गादी, बादली, पुस्तकांची पोती असं सगळं गाडीत कोंबलं आणि मी डिपॉझिट घ्यायला ऑफिसात गेले. भरले होते दहा हजार, हातात चेक आला सहा हजार आठशेचा. उरलेल्यांचं काय, तर पावतीवर एक ओळ: 'कॉमन डॅमेज'. कसलं डॅमेज म्हणून विचारलं तर क्लार्कने मान वर न करता सांगितलं, "सगळ्यांचेच कापलेत मॅडम." सगळ्यांचे कापले की मग प्रश्नच मिटला!

बराच वेळ खनपटीला बसल्यावर यादी निघाली. तिसऱ्या मजल्यावरचं बेसिन, लिफ्टचा आरसा, कूलरचा नळ, गॅलरीच्या काचा. माझी मुलगी पहिल्या मजल्यावर राहते. बेसिन फुटलं तेव्हा ती दिवाळीला घरी बसून चकल्या संपवत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

तीन हजारांनी मी काही रस्त्यावर येणार नाही. पण माझ्या मागे रांगेत परभणीहून एसटीने आलेले एक काका होते. त्यांनी चेक दोनदा उलटा करून पाहिला, मागे काही लिहिलंय का म्हणून, आणि एक शब्द न बोलता सही करून गेले. माझं डोकं तिथे फिरलं.

आम्हीही हॉस्टेलवरच वाढलो. औरंगाबादला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला. डिसेंबरात तिथे कडाक्याची थंडी, मागच्या अंगणातल्या बंबाचं पाणी सहालाच संपायचं. त्यामुळे प्रत्येक खोलीत पाणी तापवायचा रॉड. अर्थात चोरून. एकदा आमच्या शेजारच्या खोलीतली मुलगी प्लास्टिकच्या बादलीत रॉड टाकून मेसमध्ये गेली आणि गप्पांत रमली. पाणी आटलं, रॉड उघडा पडला, बादली वितळून शहाबादी फरशीला चिकटली, वरचं सॉकेट काळं ठिक्कर. गॅलरीभर धूर. आम्ही बावळटासारख्या पाण्याच्या कळशा घेऊन धावलो, तर मेसच्या मावशी आमच्या अंगावर ओरडल्या, "आधी मेन पाडा गं भवान्यांनो!" आणि स्वतः जाऊन मेन पाडला. त्यांचं शिक्षण चौथी.

रेक्टरबाई आल्या. आम्हाला वाटलं, आता घरी पत्र जाणार. बाई म्हणाल्या, "सगळ्यांचे हात दाखवा." कुणाला भाजलं नाही ना, ते एकेकीचं पाहिलं. मग म्हणाल्या, "ज्यांच्याकडे रॉड आहे त्यांनी सकाळपर्यंत माझ्या टेबलावर आणून ठेवा. नाव विचारणार नाही, दंड नाही."

आता आजच्या कॉलेजवाल्यांची बाजू. मान्य, कबूल कुणीच होत नाही. यूजीसीच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांतही गुन्हेगार सापडला नाही तर सामूहिक शिक्षा सांगितली आहे. असेल. रॅगिंग कुठे आणि कूलरचा नळ कुठे! आणि नळ मुलींनी मोडला की तो दहा वर्षांचा जुना होता म्हणून हातात आला, हे कुणी पाहिलं? डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे हॉस्टेलच्या सामानाच्या नोंदवहीत, नळाचं वय लिहिलेलं असतं ना? मग जुन्या नळाला नव्याची किंमत कशी लावता?

आणि हो, पोरंही काही संत नाहीत, हे त्यांच्या आयांनीच बोलायला हवं. लेक सांगत होती, मुलांच्या हॉस्टेलवर वाढदिवसाला आग विझवायचा सिलिंडर तोंडावर मारायची फॅशन आहे. पांढरी पावडर, हसणं, रील. मूर्खांनो, तो सिलिंडर एकदा जरासा जरी वापरला तरी पुन्हा भरून घ्यावा लागतो. व्हॉल्व्हमध्ये पावडर अडकून प्रेशर हळूहळू निघून जातं. उद्या खरंच आग लागली तर भिंतीवर नुसता लाल डबा लटकलेला असेल. असल्यांना शोधून काढा, दुप्पट वसूल करा, मी टाळ्या वाजवीन. पण शोधून काढा! कॅमेरे कशाला लावलेत? मुली रात्री किती वाजता आल्या एवढंच बघायला?

जरा शांत होते. चहा घेऊन आले.

तर आमच्या रेक्टरबाईंचं टेबल. सकाळी त्यावर रॉडचा ढीग होता. दोन शेगड्या, चिकटपट्टीने वायर गुंडाळलेली एक इस्त्री. आणि एक रॉड असा, ज्याला पिनच नव्हती. वायरीची उघडी टोकं सॉकेटात घालायची आणि काडेपेटीच्या काड्या खुपसून घट्ट बसवायची. बाई तो रॉड हातात घेऊन बराच वेळ उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात इलेक्ट्रिशियन आला. १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो आणि आमच्या खोल्यांतली सॉकेटं पाच अँपिअरची, हे मला तेव्हा त्याच्याकडून कळलं. गॅलरीच्या टोकाला जाड वायर टाकून पंधरा अँपिअरचे पॉइंट काढून दिले आणि बाईंनी पाणी तापवायच्या वेळा ठरवून दिल्या. बादलीचे आणि जळलेल्या सॉकेटचे पैसे त्या मुलीने भरले, महिन्याला थोडे थोडे करत. भरायलाच हवे होते. तिचे तिने. आमच्याकडून कुणी दमडी मागितली नाही.

हे सगळं पुन्हा का उगाळतेय, तर येताना गाडीत लेक सहज बोलून गेली, "आई, आमच्या विंगमधल्या गीझरला करंट येतो." कधीपासून? "बरेच दिवस." सांगितलं नाही कुणाला? "तक्रारीच्या रजिस्टरमध्ये जिने लिहिलं तिच्याच नावावर डॅमेज लावतात. नाहीतर सगळ्या विंगचे कापतात. कोण लिहिणार?" मग या मुलींनी काय केलं, तर गीझरखाली स्केचपेनने लिहिलेला कागद चिकटवला: 'चप्पल घालून चालू करणे.'

मी नवऱ्याला गाडी बाजूला घ्यायला लावली. माझे हात थरथरत होते.

म्हणजे यांच्या दंडाने नळ मोडायचे थांबले नाहीत, मोडलंय हे सांगायचं थांबलं. एवढीच कमाई. २०२३ च्या जूनमध्ये दिल्लीच्या मुखर्जीनगरमध्ये कोचिंग क्लासच्या इमारतीला आग लागली, पोरं खिडक्यांतून वायरी धरून खाली उतरत होती. ते व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले, चार दिवस हळहळलो. इथे मुलींना करंट लागतोय आणि ऑफिसात काचांचा हिशेब चाललाय.

रेक्टरना गाडीतूनच फोन लावला. "बघतो" म्हणाले. मी म्हटलं, बघू नका, आधी तो गीझर बंद करा, बघायचं ते नंतर बघा. "लेखी द्या" म्हणाले. देणार आहे. उद्याच्या अर्जात गीझर पहिला. त्याखाली प्रत्येक वस्तूचं बिल, ती कधी घेतली होती आणि कुणाच्या नावावर कापलं, ते मागणार आहे. कॉलेजचं नाव इथे लिहीत नाही, लेकीने तंबी दिली आहे, तिची मार्कशीट अजून यायची आहे. (हीसुद्धा भीतीच. असो.)

खालच्या वर्गांच्या परीक्षा अजून चालू आहेत, त्या विंगमध्ये मुली राहतायत. आपापल्या लेकींना आत्ता फोन करून विचारा, कुठे काय चरचरतंय. पैशांचं मागाहून भांडू. ज्यांना अर्जावर सही करायची आहे त्यांनी इनबॉक्स करा, मी साडेदहाला गेटवर आहे.