पायथनचं व्हेरिएबल म्हणजे डबा नाही, प्लीज असं शिकवू नका

पायथन शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर एक पोस्ट सारखी फिरतेय. व्हेरिएबल म्हणजे डबा, बरोबरचं चिन्ह टाकलं की व्हॅल्यूची कॉपी दुसऱ्या डब्यात जाते, फंक्शनला नंबर बाय व्हॅल्यू (म्हणजे कॉपी होऊन) जातात आणि लिस्ट बाय रेफरन्स (म्हणजे बाहेरचं व्हेरिएबलच आत), आणि डेल ही काढून टाकायची कमांड दिली की ऑब्जेक्ट, म्हणजे मेमरीतला तो प्रत्यक्ष नंबर किंवा लिस्ट, उडतो. पायथनपुरत्या चारही गोष्टी चूक आहेत आणि मला हे फार लागतं, कारण हेच शिकून मी दोन दिवस एका बगमागे घालवलेत.

आधी डबा. सी भाषेत पूर्णांकासाठी इंट लिहिलं की त्या नावाला खरंच जागा मिळते, तिथे डबा म्हणा, चालेल. पायथनमध्ये ऑब्जेक्ट वेगळा, नाव वेगळं. घरी ज्याला पिंट्या म्हणतात तोच ऑफिसात प्रशांत, मग पिंट्याने टक्कल केलं तर प्रशांतच्या डोक्यावर केस कुठून राहणार?

कॉपीचा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. जुनी नावाची एक लिस्ट घ्या, नवी = जुनी लिहा, नवी मध्ये काहीतरी अपेंड करा, म्हणजे शेवटी जोडा, आणि जुनी प्रिंट करून बघा, तिथेही तेच दिसेल. माझा बग असा की चार मुलांचे तीन विषयांचे मार्क ठेवायला मी तीन शून्यांची लिस्ट दुसऱ्या लिस्टमध्ये टाकून तिला चारने गुणलं, मग पहिल्याच्या गणितात ७२ भरले तर चौघांनाही ७२! ओळी चार दिसत होत्या पण आतली लिस्ट एकच, चार ठिकाणी अडकवलेली. लूप लावून दरवेळी नवीन लिस्ट बनवली तेव्हा सुटलं. आणि हो, साधी कॉपी फक्त वरवरची असते, आतल्या लिस्टही वेगळ्या हव्या असतील तर डीपकॉपी, म्हणजे आतपर्यंतची कॉपी, लागते.

"पण नंबरची तर कॉपी होते ना, एक वाढवला तर दुसरा तसाच राहतो!" अहो, नंबर मुळात बदलतच नाही. ५ मध्ये १ मिळवला की ६ हा दुसरा ऑब्जेक्ट येतो आणि ते एक नाव त्याच्याकडे जातं, दुसरं ५ पाशीच थांबतं.

फंक्शनचंही हेच, नंबर असो की लिस्ट, दोन्ही एकाच पद्धतीने जातात, आतल्या नावाला बाहेरचाच ऑब्जेक्ट मिळतो. आत अपेंड केलं तर बाहेर दिसतं, पण आत त्या नावाला नवीकोरी लिस्ट दिली तर बाहेर काहीच हलत नाही, खरं बाय रेफरन्स असतं तर हलायला हवं होतं. याला कॉल बाय शेअरिंग म्हणतात, संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांच्या टीमने १९७० च्या दशकात सीएलयू या प्रोग्रामिंग भाषेसाठी हे नाव वापरलं होतं.

राहिलं डेल. ते नाव काढतं, ऑब्जेक्ट नाही. डेल जुनी करा आणि नवी प्रिंट करा, लिस्ट जशीच्या तशी आहे. त्या लिस्टला धरून ठेवणारं कुणीच उरलं नाही की मगच सीपायथन, म्हणजे आपण सहसा वापरतो तो पायथन, ती जागा मोकळी करतो.