कर्नल बदलला की डोंगल मेलं

यूएसबी मोडेमसोबत, म्हणजे इंटरनेटच्या डोंगलसोबत, 'लिनक्स ड्रायव्हर' नावाची जुनाट झिप फाइल द्यायची आणि हात झटकायचे, हा कंपन्यांचा प्रकार आता डोक्यात जातो! ड्रायव्हर बनवायची 'मेक' कमांड चालवली की पहिला दणका: कर्नल हेडर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याशी (कर्नलशी) ड्रायव्हर जुळवायला लागणाऱ्या फाइल्स, नाहीत. तेही 'युनेम -आर' ही कमांड चालू कर्नलची जी आवृत्ती दाखवते नेमके तिचेच लागतात, जवळपासचे चालत नाहीत. ते टाकले की 'इनिट_टायमर' सापडत नाही म्हणून एररची रांग. अहो, ते फंक्शन ४.१५ कर्नलमधून, म्हणजे २०१८ सालीच गेलंय! तुमचा कोड कोण सुधारणार? कसंबसं मॉड्यूल (कर्नलमध्ये लोड होणारा ड्रायव्हर) बनलंच, तर डिजिटल सही नाही म्हणून सिक्युअर बूट, म्हणजे विनासहीचा कोड अडवणारी सुरक्षा, ते लोड होऊ देत नाही. शिवाय कर्नल अपडेट झाला की सगळं पुन्हा पहिल्यापासून, कारण डीकेएमएसची (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप पुन्हा बनवणारी सोय) चार ओळींची कॉन्फ फाइल द्यायचं कुणाला सुचत नाही.

खरा संताप याचा की बहुतेक डोंगलना हा खटाटोप लागतच नाही. डोंगल आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतं, 'यूएसबी_मोडस्विच' त्याला मोडेम करतं, पुढचं कर्नलमधलाच 'ऑप्शन' नाहीतर 'क्यूएमआय_डब्ल्यूवॅन' ड्रायव्हर बघतो. एवढं खोक्यावर छापा ना!