लाव्याची अंडी आणि माझी नखं

चूक माझीच आहे, आधीच कबूल करून टाकतो. चोवीस अंड्यांची ती डबी हातात आली तेव्हाच मुकाट्याने परत ठेवून पुढे सटकायला हवं होतं. पण क्वेलची, म्हणजे लाव्याची अंडी दिसतातच इतकी गोंडस, अंगावर कुणीतरी कॉफी शिंपडल्यासारखे डाग, की बुद्धी गहाण पडते. घरी येऊन लेकीला सांगितलं, ही लाव्याची अंडी, तर ती डोळे मोठे करून म्हणते, "बाबा, ज्वालामुखीतली?" लावा नावाचा पक्षी असतो, त्याला बटेर पण म्हणतात, हे समजावेपर्यंत तिने सगळी डबी तपासून एक अंडं बाजूला काढलं होतं, कारण त्याला मिशा होत्या. खोटं नाही सांगत, होत्या. दोन्ही बाजूंना वर पीळ दिलेल्या. हे खायचं नाही, असा हुकूम सुटला. एकेका मादीची डागांची नक्षी ठरलेली असते म्हणे, साधारण तशीच अंडी ती घालत राहते, म्हणजे कुठेतरी एक लाव्याबाई रोज मिशीवालं अंडं घालत बसली असणार.

उरली तेवीस. बेत होता तिघांना दोन-दोन अंड्यांच्या ऑम्लेटचा. मग हिशोब केला. कोंबडीचं अंडं पन्नास-साठ ग्रॅम, हे जेमतेम दहा-बारा, म्हणजे एकाच्या जागी पाच. तीन ऑम्लेटना तीस अंडी. डबीत तेवीस. हा हिशोब विकत घेण्याआधी पण करता आला असता, असं बायको म्हणाली आणि पेपर वाचायला निघून गेली.

बरं, हाफ फ्राय करू. वाटीच्या कडेवर टिचकी मारली. काही नाही. जरा जोरात मारली, कवच आत दबलं, भेगा गेल्या, पण अंडं उघडेना, कारण कवच कागदासारखं असलं तरी त्याच्या आतला पापुद्रा भलता चिवट असतो. म्हणून अंगठा घातला तर तो कवच, पापुद्रा, बलक सगळं घेऊन पलीकडून बाहेर आला. ही अंडी कापायची खास कात्री मिळते, गोल भोकात अंडं ठेवायचं आणि टोपी उडवायची, पण ती माझ्याकडे नव्हती. नखं कापायची कात्री होती. गरम पाण्याने धुतली होती, दोनदा, तेव्हा आता तो विषय काढू नका. टोपी मात्र झकास उडते. गंमत एवढीच की सहावं अंडं फोडून तव्यात टाकेपर्यंत पहिल्याचं शर्टाचं बटण झालं होतं.

राहिलेली सतरा सरळ उकडायला टाकली. उकळत्या पाण्यात चार मिनिटं बास, आणि पहिलं मिनिटभर चमच्याने हळूहळू फिरवत राहिलं की बलक मधोमध बसतो, हे माहीत होतं म्हणून मी मन लावून फिरवलं, इतकं मन लावून की दोन अंडी पातेल्यातच फुटली. मग बर्फाच्या पाण्यात टाकली, खुर्ची ओढली आणि सोलायला बसलो.

थिअरी सोपी आहे. अंड्याच्या बोथट टोकाला हवेचा कप्पा असतो, तिथे टेचायचं, मग तळहाताखाली हलकेच लाटून सगळीकडे भेगा पाडायच्या, पापुद्रा नखाने पकडायचा आणि ओढायचा, की कवच गोल गोल रिबिनीसारखं सुटून येतं. पहिलं अंडं आलं पण तसंच! मी बायकोला हाक मारून रिबीन दाखवली. ती शेवटची रिबीन. पुढच्या अंड्याचा पापुद्रा पांढऱ्याला असा चिकटून बसला होता की जणू वडिलोपार्जित जमीन आहे. कवच तिळाएवढ्या तुकड्यांत सुटत होतं, प्रत्येक तुकड्याबरोबर पांढऱ्याचा एक लचका, आणि हातात शेवटी राहत होता नुसता पिवळा गोळा, चेचलेला. नंतर कळलं की ताजी अंडी अशीच छळतात, चार दिवस गेले की आतला वायू कवचातून निघून जातो, पांढऱ्याची आम्लता कमी होते, मग ती नीट सुटतात. आणि मी तारीख बघून, डबी खालून-वरून तपासून, सगळ्यात ताजी निवडून आणलेली.

अकरा सोलली, अखंड निघाली चार. उरलेली चार रागाने व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली, कारण कवच असतं चुन्याचं आणि आम्लात ते विरघळतं. विरघळलं की! बारीक बुडबुडे निघायला लागले, डागांचा तपकिरी साय आल्यासारखा थर सुटून वर तरंगला, बोट लावलं तर सगळी नक्षी पुसली गेली, खालून पांढरंफटक अंडं. लेक पाऊण तास हलली नाही तिथून, तिच्यापुरता पैसा वसूल. काही तासांनी उरलेला पापुद्रा एका झटक्यात निघाला, अगदी गुळगुळीत, देखणी अंडी. चव मात्र लोणच्याच्या बरणीत बुडी मारून आल्यासारखी.

जेवताना ताटलीत आठ अखंड अंडी आणि एक वाटी पिवळा चुरा, मीठ-मिरी मारलेला. बायकोने सगळीकडे एक नजर फिरवली, म्हणाली "आणि बाकीची?" मी हात पुढे केले. दहाही नखांत कवच.

मिशीवालं अजून आहे. लाव्याची पिल्लं सतरा-अठरा दिवसांत बाहेर येतात हे मीच बोलून गेलो होतो, १९९० साली तर अंतराळात, मीर स्थानकावर पण लाव्याची पिल्लं जन्मली होती हे पण मीच सांगितलं, त्यामुळे ते अंडं माझ्या लोकरीच्या मोज्यात, माझ्याच ड्रॉवरमध्ये झोपलंय आणि वर चिठ्ठी आहे, 'उघडू नये'. आज सहावा दिवस. ते आधी दोन दिवस फ्रीजमध्ये होतं हे तिला कोणी सांगायचं यावर आमच्यात चर्चा चालू आहे, आणि ड्रॉवर उघडला की मी आधी वास घेतो, मग मोजे शोधतो.