सॉकेट तेच, तरी बोर्ड नवा घ्या!

जुन्या कॉम्प्युटरला जरा नवा प्रोसेसर टाकायचा म्हटलं की डोक्याला ताप ठरलेलाच. इंटेलचं बघा. सहाव्या-सातव्या पिढीच्या प्रोसेसरचं सॉकेट, म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, एलजीए ११५१. २०१७ मध्ये आठवी पिढी आली, तिचंही ११५१च! खाचा जुळतात, चिप अलगद बसते, खटका लागतो. बटण दाबलं की स्क्रीन काळीठिक्कर. कारण काय, तर म्हणे बोर्डावरचा चिपसेट, म्हणजे प्रोसेसरचा बाकी भागांशी मेळ घालणारी चिप, ३०० मालिकेचा हवा. अरे, मग सॉकेटला नाव तरी वेगळं द्यायचं होतं!

इंटेलच्या स्पर्धक एएमडीचं एएम४ सॉकेट त्यामानाने बरं, पुष्कळ वर्षं टिकलं. पण तिथे नव्या प्रोसेसरसाठी आधी बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, अपडेट करा. बहुतेक बोर्डांवर त्यासाठी मशीन सुरू व्हायला हवं, म्हणजे जुनाच प्रोसेसर हवा. तो विकला असेल तर बसा बोंबलत.

दुकानात गेलं की एकच पालुपद, "सर, बोर्डच बदला ना!" एएमडीच्याच पुढच्या एएम५ सॉकेटचा बोर्ड घेतला की त्याला डीडीआर५ प्रकारचीच रॅम लागते, म्हणजे आधीची रॅम बाद. मग पॉवर सप्लायकडे बघून मान हलवणार. शेवटी जुन्यातलं कामाला येतं ते फक्त कॅबिनेट, तेही दोन स्क्रू हरवलेलं.